स्थळ आणि दप्तर : ऐतिहासिक स्थळांच्या रक्षणांत लोकसंस्थांचें कार्य

जुनीं देवळें, गढ्या, समाध्या व किल्ले यांच्या रक्षणासाठीं सरकारी खात्याबाहेर, लोकांच्या वर्गणीवर व निरपेक्ष श्रमांवर चालणाऱ्या ज्या संस्था आपल्या प्रांतांत निघाल्या, त्यांचें कार्य कोणत्या रीतीनें चालतें, तें कोठें सिद्धीस जातें व कोठें अडतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. अशा संस्थांविषयीं लिहितांना बहुधा त्यांच्या चालकांच्या त्यागाचें वर्णन करण्यांत येतें. तें योग्यच आहे. परंतु त्यागानें उभी राहिलेली भिंत कोणत्या काळची, कोणाच्या पैशाची, आणि तिच्या जागीं पूर्वीं काय होतें, हें त्यागावरून कळत नाहीं. तें दप्तरावरून कळतें. स्थळाचें रक्षण करूं इच्छिणाऱ्या संस्थेनें प्रथम त्या स्थळाचें व स्वतःचें दप्तर राखलें पाहिजे, असें आमचें मत आहे. वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं जुने कागद व पोथ्या आहेत; त्यांचा या विषयाशीं संबंध काय, तें ओघानें येईल.

जीर्णोद्धार हा शब्द हल्लीं फार सैल अर्थानें वापरला जातो. जुनें देऊळ पाडून त्याच्या जागीं सिमेंटचें नवें बांधलें, तरी कोनशिलेवर जीर्णोद्धार हाच शब्द कोरतात. जीर्ण म्हणजे झिजलेलें, आणि उद्धार म्हणजे वर काढणें, सांवरणें. जें शिल्लकच ठेवलें नाहीं त्याचा उद्धार कसला? अग्निपुराणांत जीर्णोद्धारविधीचा स्वतंत्र अध्याय आहे. जीर्ण झालेली मूर्ति विधिपूर्वक काढून जलांत विसर्जन करावी, व तिच्या जागीं पूर्वींच्याच द्रव्याची आणि पूर्वींच्याच प्रमाणाची मूर्ति बसवावी, असा त्यांतील आशय आहे. द्रव्य आणि प्रमाण या दोन शब्दांकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पूर्वींची मूर्ति किती अंगुळें होती व कोणत्या दगडाची होती, याची नोंद ज्यानें ठेवली नाहीं, त्यास शास्त्रोक्त जीर्णोद्धार करतांच येणार नाहीं. इंग्लंडांत १८७७ सालीं विल्यम मॉरिस यानें प्राचीन इमारतींच्या रक्षणार्थ एक सभा स्थापिली. जुन्या प्रार्थनामंदिरांस कल्पनेनें मूळ रूप देण्याच्या भरांत मधल्या शतकांचा इतिहास खरवडून काढला जातो, हा तिचा मुख्य आक्षेप होता. पुराणकार बदलूं देतो, मॉरिस बदलूं देत नाहीं, एवढा दोहोंत भेद आहे खरा; तथापि कोणत्याही मार्गानें जावयाचें तरी आधीं काय होतें तें ठाऊक असावें लागतें.

आपल्याकडील या प्रकारच्या कार्याचें सर्वांत परिचित उदाहरण रायगडचें होय. १० मे १८१८ रोजीं गड इंग्रजांच्या हातीं गेला. तोफांच्या माऱ्यानें आग लागून वाड्याचा नाश झाला, आणि पुढें कित्येक वर्षें गडावर राबता असा राहिला नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांचा शिवाजीमहाराजांवरील पवाडा १८६९ त प्रसिद्ध झाला. १८८३ मध्यें जेम्स डग्लस यानें मुंबईविषयींच्या आपल्या ग्रंथांत समाधीच्या उपेक्षेबद्दल खेद व्यक्त केला. १८८५ त न्यायमूर्ति रानडे प्रभृति मंडळींनीं पुण्यास सभा भरविली, व त्यानंतर सरकारनें समाधीच्या देखरेखीसाठीं सालीना पांच रुपये मंजूर केले. पांच रुपयांत समाधीभोंवतालचें गवत तरी वेळच्या वेळीं निघत होतें कीं नाहीं, कोण जाणे! पुढें ३० मे १८९५ रोजीं पुण्यांत हिराबागेंत सभा भरून स्मारकासाठीं फंड उभारण्याचें ठरलें. लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'च्या द्वारें त्याचा पुरस्कार केला, वर्गणीदारांच्या याद्या छापल्या जाऊं लागल्या, आणि १८९६ च्या एप्रिलांत गडावर पहिला मोठा उत्सव झाला. रायगड स्मारक मंडळाचा हा आरंभ होय.

उत्सव वर्षाच्या आंत सुरू झाला. समाधीवर छत्री मात्र १९२६ च्या सुमारास उभी राहिली. मध्यंतरीं तीस वर्षें गेलीं, तीं कां गेलीं हें पाहण्यासारखें आहे. गड मंडळाच्या मालकीचा नव्हता, सरकारचा होता. १८९७ त टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्यांत शिवाजी उत्सवाच्या प्रसंगीं झालेल्या भाषणांचा व लेखांचा आधार घेण्यांत आला. अशा स्थितींत उत्सव भरविणाऱ्यांच्या हातीं सरकार गड मोकळेपणानें सोंपवील, हें शक्य नव्हतें. १९०४ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यान्वयें १९०९ सालीं रायगड संरक्षित स्मारक ठरला, म्हणजे यापुढें तेथें एक दगड हलविण्यासही परवानगी आवश्यक झाली. त्यांतच निधी ज्या डेक्कन बँकेंत ठेवला होता, ती बँक बुडाली. वर्गणी उत्साहानें जमते. परंतु ती जमल्यावर कोठें ठेवावी, कोणाच्या सहीनें काढावी, व दर वर्षीं तिचा हिशेब कोणापुढें मांडावा, हा प्रश्न उत्साहाचा नव्हे. आज शंभरांहून अधिक वर्षांनंतरही त्या निधीचें काय झालें, आणि समाधीकडे प्रथम कोणाचें लक्ष गेलें, यांवर वर्तमानपत्रांतून वाद होतात. त्यांत फुल्यांच्या पक्षाचे व टिळकांच्या पक्षाचे लोक हिरिरीनें बोलतात. छापील पवाड्याचें साल, डग्लसच्या ग्रंथाचें साल, सभेची तारीख व वर्गणीच्या याद्या क्रमानें पुढें मांडण्याचे श्रम मात्र थोडेच घेतात. तो क्रम मांडला म्हणजे एकाच्या श्रेयानें दुसऱ्याचें श्रेय उणें होत नाहीं, हें सहज दिसतें.

दुसरी एक गोष्ट रायगडचीच सांगतों. समाधीजवळ वाघ्या कुत्र्याची जी मूर्ति आहे ती १९३६ सालीं बसविलेली आहे. शिवकालीन कागदांत या कुत्र्याचा उल्लेख सांपडत नाहीं. राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास' नाटकानें ही कथा लोकांच्या मनांत दृढ केली. २०१२ च्या ऑगस्टांत ती मूर्ति उखडून काढण्यांत आली व लागलीच पुन्हा बसविण्यांत आली. २०२५ त ती हलवावी अशी मागणी पुन्हा पुढें आली आणि तीस विरोधही झाला. मूर्ति ठेवावी कीं काढावी, हा या लेखाचा विषय नव्हे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या दिवशीं ती बसविली त्याच दिवशीं तिच्या चौथऱ्यावर सालासह व आधारासह दोन ओळी कोरल्या असत्या, तर यात्रेकरूंच्या कित्येक पिढ्यांनीं तिला समाधीइतकीच जुनी मानलें नसतें. नवें काम जुन्यांत मिसळूं न देणें, व तें केव्हांचें तें तेथल्या तेथें लिहून ठेवणें, हें रक्षण करणाऱ्याचें पहिलें कर्तव्य आहे.

१८९५ हेंच साल इंग्लंडांतील नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्थापनेचेंही आहे. ती त्या वर्षाच्या जानेवारींत स्थापन झाली. तिला १९०७ च्या स्वतंत्र कायद्यानें असा अधिकार मिळाला कीं, तिनें एखादी जमीन अविक्रेय म्हणून जाहीर केली म्हणजे ती संस्थेच्या पुढील चालकांसही विकतां येऊं नये. त्याहूनही जुनें उदाहरण अमेरिकेचें. तेथें ॲन पामेला कनिंगहॅम नांवाच्या बाईनें १८५३ सालीं स्त्रियांची संस्था काढून वॉशिंग्टनचें मौंट व्हर्नन येथील घर वाचविण्याचें काम हातीं घेतलें, व १८५८ त दोन लक्ष डॉलर देऊन तें घर विकत घेण्याचा करार केला. या दोन्ही संस्थांजवळ जागेची मालकी होती. आपल्या स्मारक मंडळाजवळ ती नव्हती. त्याच्याजवळ होती ती लोकांची निष्ठा आणि वर्षाचा उत्सव. या दोन साधनांवर त्यानें गड लोकांच्या आठवणींत जागता ठेवला, हें कांहीं लहान काम नव्हे. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी स्थळांतील १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत रायगड आहे. १८८३ त ज्या समाधीची उपेक्षा पाहून परका मनुष्य हळहळला, तिची आजची स्थिति या यादीवरून कळावी.

आतां दप्तराच्या संस्थेकडे वळूं. ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. राजवाड्यांनीं तत्पूर्वीं बारा वर्षें, म्हणजे १८९८ पासून, 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' खंडशः छापण्यास आरंभ केला होता. गांवोगांव पायीं हिंडून, माळ्यावरचीं व बळदांतलीं दप्तरें स्वतः झाडून, वाळवीनें खाल्लेले रुमाल सोडून त्यांनीं तें काम केलें, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. येथें सांगावयाचें तें निराळें आहे. राजवाड्यांसारखा विलक्षण तेजस्वी पुरुष संस्थेचा संस्थापक होऊं शकतो. तो तिचा चालक होईलच असें नाहीं. मतभेद होऊन ते मंडळापासून दूर गेले, आणि त्यांचा शेवट १९२६ च्या अखेरीस धुळ्यास झाला, जेथें त्यांच्या संग्रहासाठीं पुढें त्यांच्याच नांवाचें संशोधन मंडळ निघालें. तरी पुण्याचें मंडळ बंद पडलें नाहीं. दत्तो वामन पोतदार यांनीं अनेक वर्षें त्याचा कारभार वाहिला. गणेश हरि खरे यांनीं ताम्रपट, शिलालेख, नाणीं, मूर्ति व फार्सी कागद यांची व्यवस्था लावली. खऱ्यांचा 'मूर्तिविज्ञान' हा ग्रंथ ज्यानें वाचला असेल त्यास कळेल कीं, देवळांतील एक फुटका हात कोणत्या आयुधाचा होता हें ओळखण्यास किती कागद व किती दगड पाहावे लागतात. संग्रह वाढविणारा एक आणि त्याची यादी करणारा दुसरा, अशी ही जोडी असते. यादी करणाऱ्याचें नांव क्वचितच कोणी घेतें. परंतु मंडळाच्या संग्रहांतील सुमारें पंधरा लक्ष कागदांपैकीं हवा तो रुमाल हातीं येतो, तो त्याच्यामुळें.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य दौंड तालुक्यांतील वरवंड येथें आहे. पुणें-सोलापूर रस्त्यावरचें हें गांव बाहेरच्या लोकांस येथील व्हिक्टोरिया तलावामुळें व गोपीनाथाच्या देवळामुळें परिचित आहे. गांवाच्या पश्चिमेस यवतच्या बाजूनें डोंगरावर भुलेश्वराचें देऊळ लागतें, आणि पूर्वेस दौंडच्या पलीकडे, भीमेच्या कांठीं, श्रीगोंदें तालुक्यांतील पेडगांवचा बहादुरगड आहे. या दोहोंची तुलना आमच्या विषयास फार उपयोगी आहे.

भुलेश्वराचें मूळ देऊळ यादवकालीन असून त्यावरील शिल्प इतकें समृद्ध आहे कीं, स्त्रीरूप गणेशासारखी दुर्मिळ मूर्तिही तेथें पाहावयास मिळते. सतराव्या शतकांत आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें याच डोंगरावर दौलतमंगळ किल्ला बांधला. पुष्कळ मूर्तींचे हातपाय व चेहरे फोडलेले आहेत. वरचा विटा-चुन्याचा भाग मराठी अमलांतला आहे, आणि त्या जीर्णोद्धाराचें श्रेय ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांस दिलें जातें. म्हणजे या एका देवळांत यादवांचा दगड, आदिलशाही तट आणि पेशवाईंतला चुना एकत्र आहेत. कोणी उत्साही मंडळी उद्यां असें म्हणेल कीं, हा चुना यादवकालीन सौंदर्यास बाधक आहे, तो काढून टाकूं. तर त्यांनीं प्रथम स्वामींचा पत्रव्यवहार वाचावा. दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनीं स्वामींचें चरित्र छापलें, आणि राजवाड्यांनीं आपल्या साधनांच्या तिसऱ्या खंडांत त्याच स्वामींच्या सावकारीची व राजकारणांतील लुडबुडीची कठोर तपासणी केली. राजवाड्यांचा निकाल आम्हांस जरा एकांगी वाटतो. ज्यानें देवळें, तळीं व विहिरी बांधण्यांत पैसा घातला त्याच्या व्याजाच्या वहीकडेच पाहून त्याचा निकाल लावणें योग्य नव्हे. परंतु पेशवे व सरदार यांस कर्ज देणारा संन्यासी देवळाच्या माथ्यावर चुना चढवितो, ही गोष्ट त्या काळच्या समाजस्थितीचें जिवंत प्रमाण आहे, आणि तो चुना खरवडला म्हणजे तें प्रमाण गेलें. देऊळ केंद्र सरकारचें संरक्षित स्मारक आहे, आणि श्रावणांत व महाशिवरात्रीस तेथें यात्राही लोटते. खात्याचा पहारा व भक्तांचा राबता, दोन्ही असल्यानें त्याचें बरें चाललें आहे.

बहादुरगडाचें तसें नाहीं. दक्षिणेचा मोगल सुभेदार बहादुरखान कोकलताश याच्या नांवानें हा भुईकोट ओळखला जातो. १६८९ च्या फेब्रुवारींत संभाजीमहाराजांस येथेंच औरंगजेबापुढें उभें करण्यांत आलें. म्हणून त्यास हल्लीं धर्मवीरगड असेंही म्हणतात. तटाच्या आंत लक्ष्मीनारायणादि जुनीं देवळें आहेत आणि त्यांवरील कोरीव काम भुलेश्वराच्या खालोखाल मानावें लागेल. ज्या देवळांत पूजा नाहीं तेथें दिवा लावावयास कोणी येत नाहीं, व दिवा नाहीं तेथें वडापिंपळाचें रोप उपटणाराही कोणी नसतो. अशा ठिकाणीं स्वयंसेवकांच्या मंडळ्यांचा खरा उपयोग आहे. झाडोरा काढणें, वाटा मोकळ्या करणें, पावसाच्या पाण्यास मार्ग करून देणें, हीं कामें कमी मानाचीं वाटतात. पण दगडी इमारतीचा मोठा शत्रु मनुष्य नसून सांध्यांत शिरलेलें मूळ व मुरलेलें पाणी हा आहे. मूळ ओढून काढल्यास त्याबरोबर दगड सुटतो. म्हणून तें छाटून, मारून, मग कालांतरानें काढावें लागतें. आणि सुटलेला दगड उचलण्यापूर्वीं तो कोठें होता याचें छायाचित्र व खडूनें घातलेला आंकडा, या दोन गोष्टी नसतील तर तो न उचललेला बरा. हेमाडपंती बांधणींत दगडांस चुना नसतो, एकमेकांच्या खांचेंतच ते बसलेले असतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. त्यांच्या फटी सिमेंटनें बुजविल्या म्हणजे ओल आंत कोंडते, क्षार बाहेर फुटतात, व कांहीं पावसाळ्यांत दगडाचा पापुद्रा सुटूं लागतो.

एका गांवची गोष्ट, गांवाचें नांव न घेतां, सांगतों. देवळाच्या ओट्यावर नवी फरशी बसवितांना तेथील एक वीरगळ, खालीं लढाई, वर अप्सरांसह स्वर्गगमन व माथ्यावर शिवपूजा असा तीन टप्प्यांचा, पालथा घालून पायरीस वापरण्यांत आला. काम करणारे सर्व भाविक होते, पैसा त्यांचाच होता, आणि त्यांचा हेतु निर्मळ होता. त्यांस तो दगड कोणाचा हें कोणीं सांगितलेलेंच नव्हतें.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगणें जरूर आहे, कारण अनेक मंडळें येथेंच फसतात. स्थळ केंद्र सरकारचें संरक्षित आहे, राज्य सरकारचें आहे, देवस्थानाच्या न्यासाचें आहे, कीं खाजगी आहे, हें आधीं पाहावें. केंद्रीय स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध, व त्यापुढें २०० मीटरपर्यंत परवानगीनेंच करतां येतें. १९५८ च्या कायद्यांत २०१० सालीं ही दुरुस्ती झाली. संस्था १८६० च्या कायद्यान्वयें व १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यान्वयें नोंदविलेली असावी. या दुसऱ्या कायद्याचा जाच वाटतो असें पुष्कळ चालक म्हणतात. परंतु न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्ताच्या संमतीवांचून विकतां येऊं नये, व हिशेबाची दर वर्षीं तपासणी व्हावी, या दोन अटी रायगडच्या निधीची हकीकत वाचणारास जाचक वाटणार नाहींत. राज्याच्या संरक्षित स्मारकांचें संगोपन संस्थांकडे देण्याची 'महाराष्ट्र वैभव' नांवाची योजनाही आहे. तींत मालकी सरकारचीच राहते, देखभाल संस्थेची.

आतां संग्राहकांविषयीं. पुणें जिल्ह्यांतील तळेगांव येथें राष्ट्रकूट कृष्णराज पहिला याचा शके ६९० चा ताम्रपट मिळाला. त्यांत या प्रांतास पूनक विषय म्हटलें असून दान दिलेल्या गांवांचीं नांवें आहेत. तो छापला गेला म्हणून बाराशें वर्षांपूर्वींचीं तीं गांवें आज ओळखतां येतात. तो एखाद्या तांबटाच्या भट्टींत गेला असता तर गांवें राहिलीं असतीं, त्यांचा इतिहास गेला असता. देवळाच्या दिवाबत्तीची सनद, पुजाऱ्यांच्या वांटणीचा महजर, कमाविसदारानें तटाच्या डागडुजीस दिलेल्या रकमेचा ताळेबंद, असे कागद आज बहुधा स्थळापासून दूर, शहरांतील संग्रहांत आहेत. ते परत गांवांत न्यावे असें आम्ही म्हणत नाहीं. गांवांत त्यांस वाळवी लागेल. पण त्यांची वाचलेली प्रत, मोडी व बाळबोध दोन्ही लिप्यांत, त्या स्थळाची काळजी वाहणाऱ्या मंडळाकडे गेली पाहिजे. ७५ वर्षांहून जुनें महत्त्वाचें हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तूंत मोडतें व परवान्यावांचून देशाबाहेर नेतां येत नाहीं. चित्रयुक्त पोथी असल्यास नोंदणीही करावी लागते. याची भीति धरून कित्येक जण आपल्याजवळ काय आहे तें सांगतच नाहींत. सांगितल्यानें वस्तु जात नाहीं. नोंदलेल्या वस्तूची चोरी झाल्यास ती आपली आहे हें सिद्ध करण्यास उलट नोंदच उपयोगी पडते.

वरवंडसारख्या गांवीं असें मंडळ निघालें तर त्याच्या पहिल्या वर्षाचें काम पैशाचें नाहीं. शिवारांतील प्रत्येक जुना दगड, वीरगळ, सतीचा दगड, बारव, तुटकी दीपमाळ, कोठें आहे व किती लांबरुंद आहे, तें एका वहींत लिहावें. शेंदराखालीं अक्षरें असण्याचा संभव असल्यास तसें नमूद करावें, शेंदूर खरवडूं नये. वृद्ध मंडळी त्या दगडास काय म्हणतात तें त्यांच्याच शब्दांत टिपावें. वहीच्या दोन प्रती असाव्या, एक गांवांत व एक पुण्यास. पुढें डागडुजी झाली कीं तिची तारीख, गवंड्याचें नांव, चुन्याचें प्रमाण व खर्च त्याच वहींत चढवावा. आणि संग्राहकांनीं या वहीसाठीं प्रत पाठवितांना मूळ कागद कोठून व कोणत्या सालीं आपल्याकडे आला तें प्रतीवर अवश्य लिहावें. रुमाल सोडतांना त्याचें जुनें कापड व त्यास बांधलेली चिठी टाकून देऊं नये, कारण गांवाचें नांव पुष्कळदां त्या चिठीवरच असतें.